चौदा नंबरच्या विहिरीचे सहा आकडे

प्रिय भिंगरी,

तू पाठवलेली शब्दांची यादी मिळून तीन आठवडे झाले. "मामा, शहराच्या विकास आराखड्याच्या शेवटी जी परिभाषा जोडतात ती आमच्या साहेबांनी लिहिली की फक्त साहेबांनाच कळते, तू ती माणसांना कळेल अशी करून दे," असं तू वर चिठ्ठीत लिहिलंस. मला काय, म्हाताऱ्याला नाच म्हटलं की तो आधी अंगण झाडायला लागतो. चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं आणि बसलो. तुझी मामी म्हणाली, "झालं! आता पंधरा दिवस यांच्या हातून भाजी निवडून मिळायची नाही." तिचा गुडघा बरा आहे, जिभेला तर कधी काही झालंच नव्हतं.

बरेचसे शब्द झाले. नमुना म्हणून थोडे इथंच लिहितो, आवडले तर ठेव. जलधर: भुईच्या पोटातला असा थर, की जो पाणी धरून ठेवतो आणि मागितलं तर देतोही, नुसतं धरून ठेवणारा तो कंजूष, त्याला जलधर म्हणायचं नाही. पूरक्षेत्र: नदीची ओसरी. ती तिथं रोज बसत नाही, म्हणून आपण तिथं खाट टाकू नये. भूवापर: कुठल्या जमिनीनं कुठलं काम करायचं याची वाटणी. घरात कशी असते, एकीनं चूल सांभाळायची, एकानं बाजार करायचा, तशी. सगळ्यांनीच बाजाराला जायचं ठरवलं तर घरी आल्यावर खाणार काय? पुनर्भरण क्षेत्र: जमीन जिथून पाणी पिते ते तिचं तोंड. तोंडावर फरशी बसवली तर पोट उपाशी राहणारच. सुरक्षित उपसा: वरून जेवढं आत झिरपतं त्याच्या आत राहून काढलेलं पाणी. हा शब्द मी चार वेळा लिहिला आणि चार वेळा खोडला, का ते पुढे येईल. एक शब्द मात्र अजून कोरा आहे. 'आधारवर्ष'. तो आज लिहून होईल असं वाटतं.

यादीबरोबर तू आराखड्याचा मसुदाही पाठवलास, तोही वाचला. नकाशे बघून ऊर भरून आला. आमच्या वेळी रंगाच्या बाटल्या आणि कुंचले असायचे. घरांना पिवळा, शेतीला हिरवा, झिरपणीच्या जागेवर निळ्या तिरप्या रेघा. निळ्या रेघा मारणारा आरेखक फार आळशी, म्हणून आम्ही म्हणायचो की या भागात पाणी कमी झिरपतं ते त्याच्या हातामुळे. तुझ्या मसुद्यात पहिल्याच पानावर आभार आहेत. तिथं तू माझ्याबद्दल लिहिलंस, की ज्यांनी बावीस वर्षं सायकलवरून बावीस विहिरींची पातळी मोजली आणि एकही फेरी चुकवली नाही. मामीनं ते वाक्य शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. मी तेवढ्यात मागच्या दारी जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसलो. सकाळीच घातलं होतं.

तुला आठवतं का माझं काम? तू लहान होतीस. पोलादी फितीच्या शेवटच्या दोन हात भागाला खडू फासायचा, फीत विहिरीत सोडायची, काठावर कुठला आकडा आला तो बघायचा आणि ओढून घ्यायची. खडू जिथपर्यंत भिजून काळा पडला तेवढी फीत पाण्यात होती, ती वजा केली की काठापासून पाणी किती खोल ते कळलं. इतकंच. वर्षातून दोनदा, एकदा कोरड्या दिवसांच्या शेवटी आणि एकदा पाऊस संपल्यावर, ठरलेल्या महिन्याच्या पाच तारखेला मी तुमच्याकडे यायचो. तुमची विहीर चौदा नंबरची. वरच्या उतारावर तेवढी एकच विहीर माझ्या यादीत होती, बाकी सगळ्या खाली, कालव्याच्या बाजूला. तू खडूचा उरलेला तुकडा मागायचीस आणि ओसरीभर बदकं काढायचीस. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण भूजल विभागाच्या बाई मला म्हणायच्या, "फीतवाले, तुमचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ." जुने अहवाल घरी नेऊन, शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते शास्त्र अक्षर अक्षर लावत शिकलो होतो. त्यामुळे ते एक वाक्य मला पदवीसारखं होतं. मान थोडी ताठच झाली होती म्हण ना.

आणि ताठ मानेला फांदी आधी लागते. तू पहिलीत होतीस, तुझ्या वाढदिवसाला घर भरलं होतं. कोणीतरी दाजींना विचारलं, हे तुमचे मेहुणे काय करतात. तुझ्या वडिलांच्या जिभेला हाड नव्हतं हे तुला मी सांगायला नको. म्हणाले, "आमचे मेहुणे ना, विहिरीत वाकून बघण्याचा पगार घेतात. बेडूकही तेच करतो, पण बिचारा फुकट करतो." घर हसलं. तू 'डराव डराव' करत उड्या मारायला लागलीस. त्याचं काही नाही, तू पोर होतीस. पण तुझी आई हसली. माझी ताई. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आता वाटतं, हसण्यासारखंच होतं ते. परवा मी एकटा असताना मलाही हसू आलं. तेव्हा मात्र मी ताट सारलं, चपला घातल्या आणि निघून आलो. मनाशी म्हटलं, पुन्हा या फाटकात पाऊल टाकणार नाही.

पाऊल टाकलं नाही. तीन वर्षं. तुला वाटत असेल मामा रुसला होता, म्हणून तीन वाढदिवसांना आला नाही. रुसणं माझं होतं, विहीर मात्र माझ्या एकट्याची नव्हती. पाच तारीख आली की मी सायकल घेऊन तुमच्या घरासमोर यायचो. रस्त्यापलीकडे झाडाखाली थांबायचो. फाटकातून रहाट दिसायचा, दोरीवर तुझे फ्रॉक दिसायचे. एकदा तर दाजींनी मला पाहून हात वर केला, मी चेन बसवण्याचं नाटक केलं. आणि मग वही गुडघ्यावर घेऊन मी आकडा लिहायचो. खालच्या तेरा नंबरच्या विहिरीत जे आलं असेल त्यात चार मीटर मिळवायचे. गेली कित्येक वर्षं दोघींमध्ये तेवढाच फरक असायचा, त्यामुळे मला ती लबाडीही वाटली नाही. वाटलं, माझ्या अनुभवाचा आकडा आहे, फितीपेक्षा काय वाईट? शिकलेल्या माणसाला असं करायला भीती वाटली असती. मी आपला आपण शिकलेला, मला कोण विचारणार! तीन वर्षांत असे सहा आकडे मी झाडाखाली बसून लिहिले, भिंगरे. एका आकड्यालाही खडू लागला नाही.

त्याच तीन वर्षांत पायथ्याशी शहराच्या नळयोजनेच्या खोल विहिरी जोरात चालू झाल्या होत्या. तेरा नंबरला त्याची झळ लागत नव्हती, कारण शेजारच्या कालव्याचं पाणी पाझरून तिला मिळत होतं. आयतं खाऊन गुबगुबीत राहणाऱ्या पाहुण्यासारखी ती होती. वरचा उतार मात्र आतून ओसरत चालला होता, आणि ते सांगू शकणारी एकच विहीर होती, चौदा नंबरची. तिच्या तोंडावर मी हात ठेवला होता. त्या तीन वर्षांच्या आकड्यांवर भूजलच्या बाईंनी गणित मांडलं. निघालं की वरच्या भागाची पातळी स्थिर आहे, उपसा सुरक्षित आहे. मग आरेखकानं उतारावरच्या निळ्या रेघा पुसल्या आणि तिथं पिवळा रंग भरला. मी शेजारच्या टेबलावर चहा पीत होतो. कुंचला फिरताना मी पाहिला. मनात काहीतरी हललं, नाही असं नाही. पण बशी खाली ठेवली आणि पुढच्या कामाला लागलो.

तो आराखडा लोकांना बघण्यासाठी मांडला ते दिवस तुला माहीत नाहीत. वाचनालयाच्या सभागृहात भिंतीला नकाशे, खाली आकड्यांचे तक्ते. हरकत असेल तर तीस दिवसांत अर्ज द्यायचा, आणि अर्जांचा गठ्ठा घेऊन टेबलाशी बसलेला माणूस म्हणजे मीच. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी तुझी आई आली. हातात भाजीची पिशवी. मला दुरून पाहिलं. तक्त्यापाशी गेली, चौदा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक रकाना पुढे सरकवत नेलं. सहाव्या रकान्यावर बोट थांबलं, तिथंच राहिलं. तिला ठाऊक होतं ना, की तीन वर्षांत मी अंगणात आलो नाही. मग ती टेबलाशी आली, एक अर्ज उचलला, बाकावर बसून लिहायला लागली. दोन ओळी लिहिल्या असतील, तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही गं. लहानपणी मी पाटी फोडून आलो की वडिलांना कळायच्या आत ती माझ्याकडे जशी बघायची, तसं. अर्ज घडी करून पिशवीत टाकला, जवळ आली आणि म्हणाली, "जेवायला येत जा. हे तोंडानं फाटके आहेत, मनानं नाहीत. आणि विहीर वाट बघतेय तुझी."

पुढच्या रविवारी मी गेलो. दाजी फाटकातच ओरडले, "या बेडूकराव! तळं ओस पडलं होतं तुमच्याशिवाय!" आणि मला असं कवटाळलं की वही खाली पडली. त्या दिवसाची आठवण तुलाही असेल, तू मला बदकांची अख्खी पलटण काढून दाखवलीस. जेवण झाल्यावर मी फीत सोडली. अकरा मीटरवर पाणी लागायला हवं होतं. बारा, तेरा, चौदा गेले आणि खडू कोरडाच वर आला. पुन्हा सोडली. पाणी पंधराच्याही खाली होतं. ताई रहाटापाशी उभी होती. तिनं विचारलं, "किती?" तेव्हा हरकतीचे अजून पाच-सहा दिवस शिल्लक होते. एक शब्द पुरला असता. भूजलच्या बाईंकडे जाऊन 'बाई, माझं चुकलं' एवढं म्हटलं असतं तर फार तर नोकरी गेली असती. मी म्हणालो, "आहे, ठीक आहे." ती म्हणाली, "बरं." झाडाखालचे सहा आकडे मी फुरंगटून लिहिले होते. हा सातवा मात्र शुद्धीत, पोटभर जेवून, तिच्या तोंडावर सांगितला.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. उतारावर तीनशे घरं झाली, पावसाचं पाणी झिरपायचं ते गटारानं वाहून जायला लागलं, आणि पाचव्या वर्षी तुमची विहीर तळाला गेली. त्या रविवारनंतरच्या फेऱ्यांत मी खरेच आकडे लिहिले, पण तोवर आराखडा पक्का झाला होता, आकडे एकदम कोसळलेले दिसत होते आणि कोणालातरी दोष द्यायला हवा होता. लोक म्हणाले, घरामागच्या लिंबांच्या बागेला पाणी उपसायचं इंजिन लावून दाजींनीच विहीर पिऊन टाकली. दाजींनी ते मनाला लावून घेतलं. इंजिन विकलं, एकेक करून झाडं तोडली, की बघा, आता तरी पाणी येतं का. आलं नाही. सगळ्यांची टोपी उडवणारा माणूस त्या वर्षी गप्प झाला. एकदा मला म्हणाले, "बेडूकराव, खरं सांगा, माझंच चुकलं का हो?" मी म्हणालो, "छे, छे." पुढे सांगायचं होतं, सांगितलं नाही. ते गेले तेव्हा त्यांची समजूत तीच होती. आणि तू, दहावीत, ओसरीवर उभी राहून म्हणालीस की मी पाण्याचंच शिकणार, मामासारखी.

आता तीन आठवडे का लागले ते सांगतो. तुझी आई गेली तेव्हा तू तिच्या पेटीतलं एक पुडकं मला दिलंस, आठवतं? "आईची जुनी कॅलेंडरं आहेत मामा, मागून कोरी आहेत, तुला लिहायला होतील." चार वर्षं मी ते सोडलं नव्हतं, धीर होत नव्हता. तुझे शब्द लिहायला कच्चा कागद हवा म्हणून सोडलं. 'सुरक्षित उपसा'ची व्याख्या चौथ्यांदा खोडून पान उलटलं, तर समोर पाच तारखेच्या चौकोनात तिचं बारीक अक्षर: 'पंचवीस गाठी.' दुसरं उलटलं, 'चोवीस गाठी.' मग 'तीस.' मग 'अठ्ठावीस, एक वीत.' 'छत्तीस.' 'चौतीस.' तुमच्या रहाटाच्या दोराला तिनं हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या होत्या. तो दोर तुझ्या परसात अजून आहे, तू त्यावर वेल चढवलायस. मागच्या महिन्यात मी आलो होतो तेव्हा त्या गाठी पाहून म्हणालो होतो, की ही कसली हौस. मी येत नव्हतो त्या तीनही वर्षांत, ठरल्या तारखेला, ती दोर सोडत होती. माझी फेरी चुकू नये म्हणून. मी कधीतरी येईन, ओशाळून विचारीन, ताई, पाणी कुठं होतं गं तेव्हा, आणि तिच्याकडे उत्तर तयार असावं म्हणून. मी विचारलंच नाही, आणि तिनं आपणहून माझ्या तोंडावर मारलं नाही.

भिंगरे, वीस तारखेला तू मसुद्यावर सही करणार आहेस. नंतरचे आकडे इंजिनामुळे पडले असं समजून माझी तीच तीन वर्षं तू आधारवर्षं धरलीस, आणि त्यांच्या जोरावर उतारावरचा उरलेला माळही पिवळ्या रंगात आहे, आणखी चारशे घरं. जे मी एकदा केलं ते तुझ्या हातून, तुझ्या सहीनं दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून हे पत्र. तुझ्या कोऱ्या शब्दाची व्याख्या अशी लिही. आधारवर्ष: ज्या वर्षी कोणीतरी खरंच विहिरीपर्यंत जाऊन मोजलं, आणि म्हणून पुढचं गणित ज्यावर उभं करता येतं, ते वर्ष. माझे सहा आकडे काढ. तुझ्या आईचे घाल. त्या दोरावरचं गाठींमधलं अंतर माझ्या फितीनं नव्हे, तुझ्या माणसांकडून मोजून घे. आभारातलं ते वाक्य खोड आणि चूक कोणाची ते खाली नावानिशी लिही. आराखडा लांबेल, साहेब चिडतील, मामानं भाचीला गोत्यात आणलं असं लोक म्हणतील, म्हणू देत. तू माझ्याशी बोललीच नाहीस तरी मी फाटकाबाहेर झाडाखाली थांबायला शिकलेलो आहे. पुडक्याच्या तळाशी आणखी एक कागद निघाला, तो सोबत जोडला आहे. वाचनालयातला तो हरकतीचा अर्ज. ताईनं त्यावर आपलं नाव लिहिलंय, विहीर नंबर चौदा लिहिलंय, खाली सहीसुद्धा केली आहे. 'हरकतीचे कारण' हा रकाना तेवढा तिनं कोरा ठेवला होता. एकतीस वर्षांनी तो मी भरला आहे. तिच्या सहीखाली माझी सही आहे. मसुद्यावरच्या हरकतींच्या सुनावणीला मी येतोय, मला आत बोलावून खुर्ची देऊ नकोस, रांगेत उभा राहीन.

तुझाच,
बेडूकमामा